एडीएचडीसाठी कोच: अकरावीतल्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना उपयोग होईल का?

मुलुंडची_आई

नमस्कार. माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. दहावीपर्यंत शाळा, शिकवणी आणि मी अशा तिघांनी मिळून त्याचा दिवस आखून दिलेला असल्यामुळे त्याचे बरे चालले होते. कनिष्ठ महाविद्यालयात गेल्यापासून मात्र सगळेच विस्कटले आहे. विषय समजत नाही असे मुळीच नाही. भौतिकशास्त्राचे गणित तो तोंडी चटकन सोडवून दाखवतो, पण जर्नल पूर्ण होत नाही, सबमिशनची तारीख उलटून गेल्यावर आठवते, आणि अभ्यासाला बसतो म्हणून खोलीत गेलेला मुलगा तासाभराने टेबलाचा खण आवरताना सापडतो. दिवाळीनंतर आम्ही त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांच्याकडील क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने सविस्तर तपासणी केली आणि एडीएचडीचे, म्हणजे अवधान कमी आणि चंचलता जास्त असण्याच्या विकाराचे, त्यातही प्रामुख्याने अवधान न टिकण्याच्या प्रकाराचे, निदान झाले. औषध सुरू असून त्याचा फायदा दिसतो आहे. तो एका जागी बसतो आणि वाचलेले लक्षात राहते असे म्हणतो. परंतु आधी काय हातात घ्यायचे, त्याला किती वेळ लागेल आणि कुठे थांबायचे, याचा अंदाज त्याला अजूनही येत नाही.

तपासणीच्या वेळी लहानपणाविषयी जे प्रश्न विचारले गेले, त्यांतले बहुतेक माझ्या यजमानांनाही तंतोतंत लागू पडत होते, आणि हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आले. ते स्थापत्य अभियंता आहेत. साइटवर त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण मोजमापांच्या नोंदी, बिले आणि ईमेलची उत्तरे कायम तुंबलेली असतात व त्यावरून कार्यालयात आणि घरीही कटकटी होतात.

एका परिचितांनी एडीएचडी कोचचे नाव सुचवले. फोनवर बोलणे झाले तेव्हा तीन महिन्यांचे पॅकेज, पूर्ण रक्कम आगाऊ, आठवड्याला एक ऑनलाइन सत्र आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठपुरावा, असे स्वरूप कळले. तीन महिन्यांनंतर औषधाची गरज राहणार नाही, असेही त्यांनी सांगितले, आणि वडील व मुलगा दोघांनी एकत्र नाव नोंदवल्यास सवलत देऊ केली. असे कोचिंग खरोखर उपयोगी पडते का, समुपदेशनापेक्षा त्यात वेगळे काय असते, आणि कोच निवडताना काय पाहावे, हे अनुभवी व जाणकार सदस्यांनी कृपया सांगावे.

मानस_परळ

ताई, तुमच्या मजकुरातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली, ती आधी सांगते. औषध बंद होईल असे आश्वासन देण्याचा कोणत्याही कोचला अधिकार नाही. औषध सुरू करणे, मात्रा बदलणे किंवा थांबवणे हे मनोविकारतज्ज्ञांचे काम आहे, आणि मुलाला एकदाही न भेटता फोनवरून असे सांगणाऱ्या व्यक्तीकडे मी स्वतःच्या भाच्यालाही पाठवणार नाही. हे वाक्य ऐकल्यावर सवलतीचा विचार करण्याचेसुद्धा कारण उरत नाही.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या काही किशोरवयीन मुलांना व प्रौढांना मी कोचकडे पाठवते, त्यामुळे कोचिंगलाच माझा विरोध आहे असे कृपया समजू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले हे अनेक वर्षे मांडत आले आहेत की एडीएचडीमधली मुख्य अडचण माहितीच्या अभावाची नसते. काय करायला हवे हे त्या व्यक्तीला ठाऊक असते, पण ज्या जागी आणि ज्या क्षणी ते करायचे असते, नेमके तिथे ते घडत नाही. याच कारणामुळे माझ्या खोलीत बसून दिलेला उत्तम सल्ला बऱ्याचदा माझ्या खोलीतच राहतो. कोचचे काम त्या जागेच्या आणि त्या क्षणाच्या शक्य तितक्या जवळ चालते, म्हणून सत्र छोटे, तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे असते, आणि मधल्या दिवसांतला दोन ओळींचा संदेश हा सत्राइतकाच महत्त्वाचा मानला जातो.

तुमच्या मुलाच्या जर्नलचेच उदाहरण घेऊ. घरातले माणूस विचारते, ‘अजून का नाही झाले?’ आणि त्यावर मुलाकडे ‘कंटाळा केला’ यापलीकडे उत्तर नसते, कारण खरे कारण त्याला स्वतःलाही दिसत नसते. चांगला कोच विचारेल की काल जर्नल उघडलेस तेव्हा सर्वांत आधी काय केलेस, आणि मग काय झाले. अशा वेळी अनेकदा असे बाहेर येते की आलेख काढायचा होता, आलेखाचा कागद घरात नव्हता, तो मित्राकडे मागण्यासाठी फोन हातात घेतला आणि तिथून पुढची संध्याकाळ फोनमध्येच गेली. आता ‘जर्नल पूर्ण करणे’ हे न पेलणारे काम बाजूला राहते आणि ‘महाविद्यालयातून परतताना स्टेशनबाहेरच्या दुकानातून आलेखाचे कागद घेणे’ हे पेलणारे काम समोर येते. ते केव्हा करायचे, त्याची आठवण कशी राहील आणि झाल्यावर कोचला कसे कळवायचे, एवढे ठरले की सत्र संपते. बाहेरून पाहणाऱ्याला यात विशेष असे काहीच दिसणार नाही, आणि मुलांना ते पेलते याचे तेही एक कारण आहे.

समुपदेशन किंवा मानसोपचार यांचे क्षेत्र वेगळे आहे. वर्षानुवर्षे ‘आळशी’, ‘बेफिकीर’ असे ऐकून घेतलेल्या मुलांत न्यूनगंड, चिंता किंवा उदासी साचलेली असते आणि तिच्यावर काम करण्याचे प्रशिक्षण कोचला नसते. प्रौढांसाठी एडीएचडीला अनुसरून केलेल्या सीबीटीला, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर आधारित उपचारपद्धतीला, संशोधनाचा बराच भक्कम आधार आहे, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, औषधाने फायदा होऊनसुद्धा रोजच्या आयुष्यात अडचण उरलेल्या किशोरवयीन मुलांसाठी तिचा विचार करावा असे म्हटले आहे. कोचिंगवरचे संशोधन तुलनेने थोडे आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासांत अभ्यासकौशल्ये आणि स्वतःचे वेळापत्रक सांभाळणे यांत सुधारणा आढळली असली, तरी तेवढ्यावरून मोठी आश्वासने देणे योग्य ठरणार नाही.

निवड करताना हे लक्षात घ्यावे की आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक कोणालाही पडताळून पाहता येतो. कोच ही संज्ञा मात्र कोणीही वापरू शकतो, तिच्यासाठी परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारख्या संस्थेची मान्यता असेल तर त्या व्यक्तीने काही तासांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष सराव केला आहे एवढे कळते, पण त्यात एडीएचडीचे वेगळे प्रशिक्षण आले असेलच असे नाही, ते निराळे विचारावे लागते. मी स्वतः दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून निर्णय घेते. पहिला, निदान कोणी केले हे त्यांनी आपणहून विचारले का? दुसरा, सत्रे चालू असताना मूल खचलेले किंवा स्वतःला इजा करण्याविषयी बोलताना आढळले तर ते काय करतील? दुसऱ्या प्रश्नावर जो क्षणभरही न अडखळता ‘मी ताबडतोब पालकांना व डॉक्टरांना कळवीन’ असे सांगतो, त्याच्याशी पुढे बोलावे.

तुमच्या यजमानांनी मात्र कोचकडे जाण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्यावी. जुळ्यांवरील अभ्यासांतून एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के इतका दिसून आलेला आहे, त्यामुळे मुलाच्या निदानानंतर वडिलांना स्वतःविषयी शंका येणे अगदी नेहमीचे आहे. पण थायरॉइडचा विकार, झोपेत श्वास अडखळणे, दीर्घकाळची चिंता किंवा नैराश्य यांमुळेही माणूस विसराळू आणि विस्कळीत होतो. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार सतरा वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तीत नऊपैकी किमान पाच लक्षणे दिसावी लागतात, त्यांतली काही बाराव्या वर्षापूर्वीपासून असावी लागतात आणि ती एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि कामावरही, अडचण करणारी असावी लागतात. त्यांच्या शाळेची जुनी प्रगतिपुस्तके कुणी जपून ठेवली असतील तर ती बरोबर न्यावीत. वर्गशिक्षकांच्या शेऱ्यांतून पुष्कळ काही कळते.

उशिरा_उमगलेला

मी तुमच्या यजमानांच्या वयाचा आहे आणि माझे निदान चाळिशीनंतर झाले. राहायला डोंबिवलीत आणि नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका वित्तीय कंपनीत, हिशेबांचा मेळ घालण्याच्या विभागात. कित्येक वर्षे माझ्यात काही कमी आहे असे कोणाला वाटले नाही, याचे श्रेय मी मध्य रेल्वेला देतो. सकाळची ठरलेली जलद गाडी चुकली की पुढचे सगळे चुकते, त्यामुळे घरातून निघण्याची वेळ, डब्याची वेळ, झोपण्याची वेळ, सगळे त्या गाडीच्या मागे आपोआप लागलेले होते. २०२० साली घरून काम सुरू झाले आणि हा बाहेरचा आधार एका झटक्यात निघून गेला. जे काम कार्यालयात संध्याकाळच्या गाडीच्या धाकाने पूर्ण होत असे, ते घरी रात्री एक वाजेपर्यंत अर्धवट पडून राहू लागले. शेवटी पत्नीच्या आग्रहावरून तपासणी केली.

कोचबरोबरच्या सुरुवातीच्या काळात आम्ही एकच गोष्ट केली, ती म्हणजे प्रत्येक कामाआधी त्याला किती वेळ लागेल हे लिहिणे आणि संपल्यावर प्रत्यक्ष किती लागला ते शेजारी लिहिणे. मी ज्या विवरणापुढे अर्धा तास लिहीत असे, त्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागत होता, आणि ज्या ईमेलला मी आठवडाभर घाबरत असे, ते काही मिनिटांत संपत होते. हे आकडे समोर आल्यावर ‘मी आज एवढे सगळे करीन’ हे वरिष्ठांना दिलेले आश्वासन मला आपोआप जड वाटू लागले. त्यानंतर आम्ही कामाला बाहेरचे टोक जोडण्याकडे वळलो. उदाहरणार्थ, अवघड विवरण मी व्हिडिओ कॉल चालू ठेवून एका सहकाऱ्याच्या सोबतीने करतो. तो त्याचे काम करतो, मी माझे करतो, बोलणे जवळजवळ नसते. परदेशात या तंत्राला वेगळे नाव आहे, पण आपल्याकडच्या अभ्यासिकांत हेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मुंबईतल्या घरांत मुलाला वेगळी खोली देता येत नाही म्हणून आईवडील हळहळतात. एडीएचडी असलेल्या मुलासाठी एकांतातल्या खोलीपेक्षा चार जण मान खाली घालून बसलेली अभ्यासिका अधिक उपयोगी ठरण्याची शक्यता आहे, तेव्हा मुलुंडमध्ये जवळपास असेल तर ती जरूर पाहावी.

कार्यालयात मी निदान जाहीर केलेले नाही. कोचशी बोलून एवढेच केले की तोंडी सांगितलेली कामे दोन ओळींच्या ईमेलने पाठवावीत अशी वरिष्ठांना विनंती केली, आणि ती त्यांनी कारण न विचारता मान्य केली. ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅक्सेस टू वर्क’ या सरकारी योजनेतून नोकरदारांना अशा कोचिंगसाठी अनुदान मिळू शकते. आपल्याकडे खर्च स्वतःच्या खिशातून होतो, त्यामुळे नोकरीत नेमकी कोणती गोष्ट सुधारायची आहे हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्यावे.

जे सहसा कोणी सांगत नाही, तेही लिहितो. प्रत्येक साधन काही काळाने बोथट होते. नवी वही, नवे अ‍ॅप, भिंतीवरचा फळा, सगळे पहिले काही आठवडे उत्तम चालते आणि मग नजरेआड होते. एडीएचडी असलेल्या माणसाला हा पुन्हा एकदा आलेला पराभव वाटतो आणि तो सगळेच सोडून देतो. माझ्या कोचने हे होणार असल्याचे आधीच सांगितले होते आणि साधन बदलणे हा कामाचाच भाग धरला होता. पुढे सत्रे पंधरवड्याने, मग महिन्याने, अशी विरळ होत गेली. तुम्हाला सांगितलेल्या पॅकेजमध्ये तीन महिन्यांनंतर काय, याचा उल्लेख आहे का, ते पाहा.

कोचकडून जे झाले नाही, तेही नोंदवतो. घरातली चिडचिड आणि जुन्या अपयशांचा मनावरचा भार यांसाठी मला सायकॉलॉजिस्टकडेच जावे लागले, आणि तसे कोचनेच सुचवले होते.

शंकेखोर_गिरगावकर

सर्वांचा आदर राखून लिहितो. आमच्या चाळीत असली पोरे प्रत्येक मजल्यावर होती आणि त्यांना कोणी आजारी म्हटले नाही. हातातला फोन काढून घ्या, संध्याकाळी मैदानात पाठवा, निम्मे प्रश्न सुटतील. आधी निदानाचा खर्च, मग गोळ्या, मग आठवड्याला कोच, ही पालकांच्या काळजीवर उभी राहिलेली बाजारपेठ आहे असे माझे स्पष्ट मत आहे. जर्नल पूर्ण करून घेण्याचे काम पूर्वी शेजारचा मोठा दादा फुकट करीत असे.

मानस_परळ

गिरगावकर, बाजारपेठेविषयीची तुमची शंका मला अर्धी मान्य आहे, आणि म्हणूनच मी वर औषध बंद होण्याच्या त्या आश्वासनाविरुद्ध लिहिले. फोनचा वापर कमी करावा आणि मुलांनी खेळावे, यातही दुमत नाही. व्यायामाने अवधान सुधारते. पण फोनमुळे हा विकार निर्माण झाला असे म्हणता येत नाही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते आणि अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली उत्तेजक औषधाने अशा मुलांच्या अभ्यासात फरक पडल्याचे नोंदवले होते. तुमच्या चाळीतल्या त्या मुलांपैकी किती जणांनी शिक्षण मध्येच सोडले आणि किती जणांच्या नोकऱ्या टिकल्या नाहीत, हेही आठवून पाहावे, अशी विनंती आहे. डीएसएम-५ नुसार मुलांत सुमारे ५ टक्के आणि प्रौढांत सुमारे अडीच टक्के हे प्रमाण आहे, तेव्हा प्रत्येक मजल्यावर एखादे मूल असणे आकड्यांच्या विरोधात जात नाही.

शेजारच्या दादाचा मुद्दा मात्र मला फार मोलाचा वाटतो. तो मुलाचा पालक नव्हता, त्याला गुणांची चिंता नव्हती, आणि तो रोज त्याच वेळी येत असे. कोचच्या यशातही या तीन गोष्टींचा मोठा वाटा असतो. असा दादा आज मुलुंडमध्ये मिळत असेल, तर मी ताईंना आधी त्यालाच शोधायला सांगेन.

गोळ्यांबद्दल एक व्यावहारिक माहिती देते. एडीएचडीवरचे मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत, येते. ते विकण्यासाठी औषध दुकानाकडे वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. नाक्यावरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही याचे कारण हे आहे, आणि ते सहजासहजी कोणाच्याही गळ्यात मारता येत नाही हेही त्यावरून लक्षात यावे.

बोरिवलीची_बाई

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि माझ्या मुलीलाही एडीएचडी आहे. ती वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर पाहत असे, कोणाला तिचा त्रास नव्हता, आणि त्यामुळे दहावी होईपर्यंत कोणाच्या लक्षातच आले नाही; मुलींच्या बाबतीत असे वारंवार घडते. तिला कोचचा चांगला उपयोग झाला. त्यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणून मी कोचने पहिल्या भेटीत केलेल्या कराराकडे बोट दाखवीन.

त्या भेटीला आम्ही तिघी होतो आणि आईला काय कळवले जाईल व काय नाही, हे मुलीच्या समोर, मुलीला विचारून लिहून काढले गेले. ती सत्राला हजर राहिली की नाही आणि फी किती झाली, एवढे मला कळणार होते. सत्रात काय बोलणे झाले, कोणते काम ठरले आणि ते झाले की नाही, हे कळणार नव्हते. मुलीच्या जिवाला धोका वाटला तर मात्र हा नियम लागू राहणार नव्हता. त्याबरोबरच माझ्याकडून एक गोष्ट लिहून घेतली गेली: कोचबरोबर ठरवलेल्या कामाची आठवण मी करून द्यायची नाही. शिक्षिकेला हे किती अवघड जाते, ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. पण ‘झाले का?’ हा प्रश्न घरातून थांबल्यावर ती स्वतः कोचला संदेश पाठवू लागली. सोळा-सतरा वर्षांचे मूल जर कोचला आईनेच नेमलेला आणखी एक पहारेकरी समजले, तर ते त्यालाही तेच सांगेल जे आईला सांगते, म्हणजे ‘होत आलंय’.

म्हणून वडील आणि मुलगा एकाच कोचकडे, सवलतीत, ही कल्पना मला अजिबात पसंत नाही. मुलाला आपले बोलणे बाबांपर्यंत जाईल असे वाटेल आणि बाबांना कामावरच्या अडचणी मुलाच्या कोचसमोर मोकळेपणाने मांडता येणार नाहीत.

शिक्षिका म्हणून आणखी एक गोष्ट सुचवते. एडीएचडीबरोबर विशिष्ट अध्ययन अक्षमता असण्याचे प्रमाण बरेच आहे, तेव्हा मुलाच्या लेखनात अक्षरे गाळणे, शब्द उलटसुलट होणे, वाचन संथ असणे असे काही दिसत असेल तर त्याचीही चाचणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, आणि परीक्षेतल्या सवलतींच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी आणि प्रमाणपत्र यांचे काम अनेक वर्षांपासून होते. तिथे गर्दी असते, त्यामुळे बारावीच्या अर्जाची वाट न पाहता अकरावीतच सुरुवात करावी. कोच या कामात मदत करू शकतो ती एवढीच की कागदपत्रे कोणत्या दिवशी गोळा करायची हे मुलाकडून ठरवून घेईल.

मुलुंडची_आई

सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. ते पॅकेज आम्ही घेणार नाही, हे काल रात्रीच ठरले. यजमानांनी स्वतःची तपासणी करून घेण्याचे मान्य केले आहे. त्यांची प्रगतिपुस्तके सासूबाईंनी गावाच्या घरी ट्रंकेत ठेवली आहेत आणि त्यांतल्या एकावर ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ असा शेरा असल्याचे त्यांनी फोनवर वाचून दाखवले.

मात्र एक अडचण आहे. मुलाला मी हा सगळा मजकूर वाचायला दिला, तेव्हा त्याने ‘मला कोणी कोच नको, मी करीन’ असे उत्तर दिले. अशा परिस्थितीत आग्रह धरावा की थांबावे?

उशिरा_उमगलेला

थांबावे, असे मला वाटते. ज्याला स्वतःला बदल हवा आहे त्याच्याबरोबरच हे काम पुढे जाते. ढकलून आणलेला मुलगा सत्रात कॅमेरा बंद ठेवून बसेल आणि तुमचे पैसे जातील. तुमच्या यजमानांचे निदान पक्के झाले, तर त्यांना आधी सुरू करू द्या. वडील स्वतःचा अंदाजित वेळ आणि प्रत्यक्ष वेळ स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर उघडपणे लिहू लागले, तर मुलाला उपदेश न करता बरेच काही दिसेल. ‘मी करीन’ या त्याच्या म्हणण्यालाही एक संधी द्यावी, फक्त कोणते काम आणि कोणत्या तारखेपर्यंत हे त्याच्याच तोंडून घ्यावे, आणि मध्ये विचारू नये.

मानस_परळ

वरील मताशी मी सहमत आहे. काही महिन्यांनी त्याची तयारी झाली, तर दोन-तीन कोचशी प्रत्येकी एक ओळखीची भेट ठरवून, कोणाबरोबर जमेल हे त्यालाच ठरवू द्या, आणि पैसे सत्रागणिक द्या. दरम्यान त्याची झोप, भूक आणि मनःस्थिती यांकडे लक्ष असू द्या व औषधाच्या पाठपुराव्याची भेट चुकवू नका. ‘नको’ म्हणण्यामागे उदासी आहे की नुसता सोळा वर्षांचा स्वाभिमान आहे, हे डॉक्टरांना त्या भेटीत तपासता येईल. यजमानांसाठी खासगी तपासणीचा खर्च जास्त वाटत असेल, तर महापालिकेच्या केईएम, नायर आणि शीव या तिन्ही रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर पोहोचावे लागते, आणि जाताना ती प्रगतिपुस्तके, थायरॉइडचा अहवाल असल्यास तो, आणि शक्य असेल तर सासूबाईंना बरोबर न्यावे, कारण बाराव्या वर्षापूर्वीचे प्रश्न त्यांनाच विचारले जातील.